दुधाचे फॅट दोन वेळा, रक्ताचे एकदाही नाही

डेअरीवर फॅट दोन पॉइंटने घसरले की शेतकऱ्याचा दिवस खराब जातो. पेंड बदलली का, कडबा कमी पडला का, शेवटचे दूध वासरूच पिऊन गेले का, की मशीनच खोटे बोलते, असे प्रश्न विचारून तो घरच्यांना आणि डेअरीच्या सचिवाला भंडावून सोडतो. विचारायलाच पाहिजेत, कारण दुधाचा पगार त्यावर ठरतो. परंतु याच शेतकऱ्याच्या स्वतःच्या रक्तात चरबी किती आहे, हा प्रश्न चाळिशी उलटली तरी त्याला कोणी विचारत नाही आणि तोही कोणाला विचारत नाही.

गेल्या काही वर्षांत चाळीस-पंचेचाळीसच्या वयात चालता-बोलता माणूस गेल्याच्या बातम्या आपल्या खेड्यापाड्यांतून वारंवार कानावर येतात. मातीला जमलेली मंडळी अशा वेळी दोनपैकी एक वाक्य हमखास बोलतात. एक म्हणजे, "त्यांच्यात खानदानीच आहे, बापही असाच गेला." आणि दुसरे, "कशाचं कोलेस्टेरॉल अन् कशाचं काय! आमचा आजा वाटीनं तूप पिऊन नव्वद वर्षं जगला." पहिल्या वाक्यात सगळा दोष रक्ताला, तर दुसऱ्यात आहाराचा काही संबंधच नाही असा निकाल. दोन्ही वाक्ये अर्धी आहेत, आणि अर्धी असल्यामुळेच घातक आहेत. कारण दोन्हींचा शेवट एकच होतो, तो म्हणजे तपासणी न करणे.

प्रस्तुत लेखक डॉक्टर नाही. कृषी पदविका घेऊन शेतीविस्ताराच्या कामात असलेला माणूस आहे. तरीही या विषयावर लिहिण्याचे धाडस करतो, कारण जो मुद्दा शहरातल्या शिकलेल्या माणसालाही समजावून सांगावा लागतो, तो आपल्या शेतकऱ्याला बांधावर रोज दिसत असतो. तो मुद्दा म्हणजे वाण आणि जमीन यांचे नाते.

रब्बी ज्वारीचेच घ्या. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने जमिनीच्या खोलीप्रमाणे वाण दिले आहेत. हलक्या, वीतभर-दीड वीत खोलीच्या जमिनीला फुले अनुराधा, मध्यम जमिनीला फुले सुचित्रा, आणि भारी काळ्या जमिनीला फुले वसुधा, फुले यशोदा. आपली जुनी मालदांडी ३५-१ मध्यम जमिनीवर अजून टिकून आहे. आता कोणी विचारले की यातला सर्वांत चांगला वाण कोणता, तर शहाणा शेतकरी उत्तर देत नाही. तो उलट विचारतो, "रान कसलं आहे?" वसुधा भारी रानात थाटात येते, पण तीच माळावर पेरली तर दाणा भरायच्या आत ओल संपते आणि हाती चिपाडे येतात. तिथे लवकर येणारी अनुराधा पुढे जाते. म्हणजे वाणाचे गुण आणि जमिनीचे गुण यांची नुसती बेरीज होत नाही. एकाच वाणाला वेगळे रान मिळाले की त्याचा गुण वेगळा दिसतो, कधी गुणाचा दोषही होतो. माणसाच्या शरीराचेही नेमके असेच आहे.

आणि फॅटच्या बाबतीत तर फार दूर जायलाच नको. म्हशीचे फॅट सहा-सातला लागते, संकरित होलस्टीनचे साडेतीनच्या आसपास राहते, आणि कितीही सरकी पेंड चारली तरी होलस्टीन म्हशीएवढे फॅट देत नाही. ही झाली जात. याच्यामागे डीजीएटी-१ नावाचे एक जनुक आहे, हे २००२ साली समजले. या जनुकाचे जास्त फॅट देणारे रूप आपल्या देशी गाई-म्हशींत जवळजवळ सर्वत्र आढळते, तर होलस्टीनमध्ये दोन्ही रूपे आढळतात. पण त्याच होलस्टीनला नुसता हिरवा लुसलुशीत चारा आणि खुराक देऊन कडबा बंद केला तर तिचे फॅट तीनच्याही खाली येते. ही झाली चारापाण्याची करामत. जात एक पट्टा आखून देते, आणि त्या पट्ट्यात वर राहायचे की खाली हे दावणीत काय पडते त्यावर ठरते. गंमत म्हणजे हेच डीजीएटी-१ जनुक माणसातही आहे, आणि तिथेही ते चरबीच बांधते.

आता माणसाच्या रक्ताकडे येऊ. रक्तातील चरबी म्हणजे मुख्यतः कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड. कोलेस्टेरॉल हे विष नव्हे. पेशींच्या भिंती, पित्त, काही संप्रेरके त्यापासूनच तयार होतात. विशेष म्हणजे त्याचा मोठा भाग आपले शरीर, प्रामुख्याने यकृत, स्वतःच बनवते. त्यामुळे "आम्ही माळकरी, अंड्याला शिवत नाही, आम्हाला कसलं कोलेस्टेरॉल?" हे म्हणणे टिकत नाही. चरबी पाण्यात विरघळत नाही, म्हणून ती रक्तातून वाहून नेण्यासाठी शरीराने गाड्या केल्या आहेत. त्यातील एलडीएल नावाच्या गाड्या जास्त झाल्या आणि वर्षानुवर्षे रक्तात फिरत राहिल्या की रोहिणीच्या अस्तरात माल टाकत जातात. ठिबकच्या नळीत क्षार साचावा तसा थर वाढत जातो. फरक एवढाच की नळी आम्लाने धुता येते.

या एलडीएलच्या गाड्या परत आत घेण्यासाठी यकृताच्या पेशींवर ग्राहक असतात. त्यांना दारे म्हणा. हे काम उलगडून दाखवल्याबद्दल मायकेल ब्राऊन आणि जोसेफ गोल्डस्टीन या अमेरिकन शास्त्रज्ञांना १९८५ चे नोबेल मिळाले. काही घराण्यांत या दारांचे जनुकच सदोष असते. आई किंवा बाप यांच्यापैकी एकाकडून असे सदोष जनुक आले की निम्मी दारे बंद, आणि एलडीएल जन्मापासूनच साधारण दुप्पट. जगभरात सुमारे अडीचशे माणसांत एक असा असतो. म्हणजे दोन-अडीच हजार वस्तीच्या गावात आठ-दहा जण निघावेत. त्यांच्यातील बहुतेकांना आयुष्यभर हे ठाऊक नसते. सडपातळ असतात, कष्ट करतात, कसलेच व्यसन नसते, आणि एक दिवस छातीला हात लावून खाली बसतात.

मग इथे तरी 'खानदानी' हे वाक्य पूर्ण खरे ठरते की नाही? नाही. हॉलंडमधील एका घराण्याची हकिगत यासाठी मुद्दाम सांगतो. तेथील संशोधकांनी हाच दोष असलेल्या एका मोठ्या घराण्याची दोनशे वर्षांची वंशावळ लावली आणि कोण कोणत्या वयात गेले ते मांडले. २००१ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. एकोणिसाव्या शतकात या घराण्यातील सदोष जनुक वाहणारी माणसे इतर लोकांपेक्षा लवकर मरत नव्हती. १९१५ नंतर मृत्यूचे प्रमाण चढू लागले, १९३५ ते १९६४ या काळात ते सर्वांत जास्त झाले, आणि पुढे पुन्हा उतरले. जनुक तेच, घराणे तेच. बदलले ते भोवतालचे रान. अन्न बदलले, अंगमेहनत कमी झाली, सिगारेट आली. आणि नंतरच्या काळात उपचारही आले.

आजोबांच्या तुपाचे कोडे इथे सुटते. आजोबांचा वाण आपल्यापेक्षा वेगळा नव्हता. पण ते चार बैलांचा नांगर धरत होते, बाजाराला दोन कोस चालत होते, आणि वाटीभर तूप सणावारालाच भेटत होते. आपण तेच बियाणे वेगळ्या रानात पेरले आहे. शिवाय, नव्वद वर्षे जगलेला आजा सगळ्यांच्या लक्षात राहतो. पन्नाशीत गेलेल्या आज्यांची गोष्ट कोण सांगणार?

आमच्या सजेतल्या एका गावात तिघा भावांचे एकत्र खटले होते. थोरला त्रेचाळिसाव्या वर्षी डाळिंबाला फवारणी करताना गेला. दहाव्याला गेलो तेव्हा मधला भाऊ म्हणाला, "साहेब, आमचा बाप असाच गेला, चुलताही असाच. आमच्यात खानदानीच आहे. तपासून काय करायचं?" म्हटले, "आप्पा, बागेत एका झाडावर तेल्या दिसला तर तुम्ही बाकीची झाडं बघता, की खानदानी आहे म्हणून सोडून देता?" त्यावर तो काही बोलला नाही. दोन महिन्यांनी मात्र तालुक्याला जाऊन दोघा भावांनी रक्त दिले. मधल्याचे एलडीएल २२० च्या पुढे निघाले, धाकट्याचे व्यवस्थित. एकाच आईबापाची लेकरे, पण एकाकडे सदोष जनुक आले, दुसऱ्याकडे आले नाही. प्रत्येक मुलाबाबत ही शक्यता निम्मी-निम्मी असते. मधल्याला गोळी सुरू झाली आहे आणि डॉक्टरांनी त्याच्या बारा वर्षांच्या मुलीचेही रक्त तपासायला सांगितले आहे. 'खानदानी' या शब्दाचा खरा उपयोग हा आहे. तो हात टेकण्यासाठी नाही. पुढचे कोणाला तपासायचे, हे त्यातून कळते.

असे एकाच जनुकाचे ठळक दोष थोड्या घराण्यांत असतात. बाकी आपल्या सगळ्यांत बारीकसारीक परिणाम करणारी अनेक जनुके असतात, आणि त्यांच्यावर रानाचा परिणाम अधिक दिसतो. १९९५ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. पश्चिम लंडनमध्ये स्थायिक झालेली पंजाबी माणसे आणि पंजाबात राहिलेली त्यांची सख्खी भावंडे यांची त्यात तुलना केली होती. बियाणे एकाच कोठारातले, रान तेवढे वेगळे. यापेक्षा चांगला चाचणी प्लॉट कोणता? लंडनवाल्यांचे वजन जास्त, रक्तदाब जास्त, कोलेस्टेरॉल जास्त, उपाशीपोटीची साखर जास्त, आणि एचडीएल, म्हणजे ज्याला चांगले कोलेस्टेरॉल म्हणतात ते कमी. पण एक आकडा दोन्हीकडे सारखाच निघाला. लायपोप्रोटीन लिटल-ए नावाची आणखी एक चरबीची गाडी आहे. तिचे प्रमाण लंडनमध्ये तेवढेच आणि पंजाबात तेवढेच, आणि दोन्हीकडे गोऱ्या लोकांपेक्षा जास्त.

हा निष्कर्ष नीट ध्यानात घेण्यासारखा आहे. रक्तातील प्रत्येक चरबीत वाणाचा आणि रानाचा वाटा सारखा नसतो. लायपोप्रोटीन लिटल-ए जवळपास सगळे जन्मावर ठरते. आहाराने, व्यायामाने फारसे हलत नाही. म्हणून हृदयरोगतज्ज्ञांच्या भारतीय संघटनेने २०२४ साली दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत ते आयुष्यात एकदा तरी तपासावे असे सांगितले आहे. ट्रायग्लिसराइड याच्या दुसऱ्या टोकाला. त्यातही जनुकांचा वाटा आहेच, पण आठ दिवसांच्या जत्रेतल्या खाण्या-पिण्याने ते वर जाते आणि महिनाभराच्या शिस्तीने खाली येते. एलडीएल या दोहोंच्या मध्ये कुठेतरी. ज्याचे जे हलते ते हलवावे, हलत नाही त्याच्यासाठी बाकीच्या बाजू घट्ट कराव्यात.

आपल्या लोकांचे रान आणि वाण नेमके कसे जुळले आहे, याचा अंदाज भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाहणीवरून येतो. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रही होता. त्यात १३.९ टक्के लोकांचे एकूण कोलेस्टेरॉल जास्त होते, २९.५ टक्क्यांचे ट्रायग्लिसराइड जास्त होते, आणि एचडीएल कमी असलेले तब्बल ७२.३ टक्के. म्हणजे आपला रोग केवळ तुपा-मांसाचा नाही. जास्त ट्रायग्लिसराइड आणि कमी एचडीएल ही जोडी भात, मैदा आणि साखर यांच्या अतिरेकातून अन् हालचाल कमी झाल्यातून पोसली जाते. दिवसाला सात-आठ कप गोड चहा पिणाऱ्याने तूप सोडल्याचा अभिमान बाळगू नये.

यात पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे काम आपल्या ग्रामीण भागासाठी फारच मोलाचे आहे. १९९३ पासून त्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गरोदर माता आणि त्यांची मुले यांचा अभ्यास चालवला. त्या खेड्यांतील बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे सगळ्याच बाबतीत बारीक असतील असे वाटेल. पण तसे नव्हते. स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, आणि चरबी मात्र जवळजवळ राखलेली. वरून वाळकी, आतून चरबीची. २००४ साली याज्ञिकांनी स्वतःचा आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो एका वैद्यकीय नियतकालिकात छापला. दोघांचे उंचीच्या मानाने वजन अगदी सारखे. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के! आरशात सडपातळ दिसणाऱ्या माणसाने निर्धास्त राहू नये, हे त्या एका फोटोने सांगितले.

याला केवळ जनुके कारण आहेत असे नाही. रान आईच्या पोटापासूनच सुरू होते. याच खेड्यांत, ज्या मातांनी पालेभाज्या, फळे आणि दूध जास्त वेळा खाल्ले त्यांची बाळे वजनदार निघाली. आता ज्या घरातून सकाळी वीस लिटर दूध डेअरीला जाते त्या घरातल्या गरोदर सुनेच्या वाट्याला कपभर तरी दूध येते का, हे ज्याचे त्याने पाहावे. गाभण म्हशीला शेवटच्या दोन महिन्यांत वेगळा खुराक घालणारे हात हेच असतात.

गेल्या तीस-चाळीस वर्षांत आपले रान किती बदलले, हे वेगळे सांगायला नको. पण विस्ताराच्या कामात असल्याने दोन गोष्टी प्रकर्षाने जाणवतात. पहिली तेलाची. आपल्या ज्वारीच्या पट्ट्यात पूर्वी रानातच करडईचे पाटे असायचे आणि गावच्या घाण्याचे तेल घरात असायचे. करडईचे क्षेत्र आटले. काटे, काढणीला माणूस नाही, भाव नाही, ही कारणे खरी आहेत. त्या जागी पिशवीतले पामतेल आले. करडईच्या तेलात संपृक्त, म्हणजे थिजणारी चरबी दहा टक्क्यांच्या आत. पामतेलात ती जवळजवळ निम्मी. ही थिजणारी चरबी यकृतावरची ती दारे कमी करते आणि एलडीएल वाढवते. ज्याची निम्मी दारे जन्मतःच बंद आहेत त्याच्या घरात पामतेल येणे म्हणजे माळरानावर वसुधा पेरणे. दुसरी गोष्ट भाकरीची. ज्वारी पिकवणारा शेतकरी ज्वारी विकतो आणि रेशनचा गहू-तांदूळ खातो. यात त्याचा दोष नाही, फुकट मिळणारे धान्य कोण टाकील? पण पोषणाच्या नावाने भरडधान्याचे वर्ष साजरे करायचे आणि रेशनवर ज्वारी द्यायची नाही, याला काय म्हणावे? २०२३ हे भरडधान्य वर्ष म्हणून आपण पाळले. फलक लागले, पाककृतींच्या स्पर्धा झाल्या. ज्या गावात स्पर्धा झाली त्या गावच्या दुकानात दुसऱ्या दिवशी तांदूळच वाटला गेला.

आणि कष्ट? कष्ट राहिले नाहीत असे मी म्हणणार नाही. मजुराचे आणि बायाबापड्यांचे कष्ट तसेच आहेत. पण बागायतदाराचे अंग हलणे मात्र निश्चित कमी झाले. नांगरट ट्रॅक्टरने, पाणी बटनावर, बांधापर्यंत मोटारसायकल, उरलेला वेळ पारावर नाहीतर मोबाइलवर. शहरात न जाता आपण लंडनच्या पंजाब्यांसारखे झालो.

आता 'खानदानी' म्हणून सोडून देणाऱ्यांसाठी आणखी एक आकडा. २०१६ साली पंचावन्न हजारांहून अधिक माणसांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांच्या जनुकांत हृदयविकाराचा धोका सर्वांत जास्त होता, अशांपैकी जी माणसे तंबाखूचा धूर घेत नव्हती, जाड नव्हती, नियमित हालचाल करत होती आणि बऱ्यापैकी आहार घेत होती, म्हणजे या चारपैकी किमान तीन गोष्टी पाळत होती, त्यांच्यात हे प्रमाण त्याच वाणाच्या पण बेफिकीर माणसांपेक्षा ४६ टक्क्यांनी कमी निघाले. वाण वाईट, तरी निम्मी बाजी मशागतीने राखली.

उरलेली बाजी लवकर सुरुवात करण्यात आहे. अमेरिकेत काही कृष्णवर्णीय लोकांत पीसीएसके-९ नावाचे जनुक जन्मतःच बंद असल्याचे आढळले. त्यांचे एलडीएल इतरांपेक्षा २८ टक्क्यांनीच कमी होते, पण हृदयविकार ८८ टक्क्यांनी कमी होता. थोडासा फरक, पण जन्मापासूनचा. पन्नाशीला अटॅक आल्यावर एलडीएल उतरवण्याला अर्थ आहेच; तरी विशीत कळले असते तर त्याची किंमत कितीतरी जास्त झाली असती. त्याच २०२४ च्या भारतीय सूचनांत रक्तातील चरबीची पहिली तपासणी अठराव्या वर्षी, आणि घरात कोणी लवकर गेले असल्यास त्याही आधी करावी असे म्हटले आहे. सर्वसाधारण माणसाचे एलडीएल १०० च्या खाली असावे. १९० च्या वर गेले तर घराण्याचा दोष आहे का, हे डॉक्टरांकडून पाहून घ्यावे.

इथे एक इशारा दिलाच पाहिजे. ज्याच्या घराण्यात हा दोष आहे त्याला नुसते पथ्य आणि चालणे पुरत नाही. त्याला गोळी लागते, आणि ती बहुधा आयुष्यभर लागते. "गोळीची सवय लागते" म्हणून रिपोर्ट नॉर्मल आल्यावर गोळी बंद करणारे खूप भेटतात. ठिबक सुरू असल्याने बाग हिरवी आहे, म्हणून ठिबक बंद करण्यासारखे हे आहे. आणि आठवडे बाजारात 'चरबी वितळवणारा काढा' विकणाऱ्यांबद्दल तर न बोललेलेच बरे. बोगस बियाणे विकणाऱ्यावर निदान कायदा तरी आहे.

आता शासनाकडे वळू. तीस वर्षांवरील सर्वांची तपासणी करण्याचा कार्यक्रम गावोगावी चालू आहे, आशाताई घरोघरी फिरतात, हे चांगलेच काम आहे. पण त्यात ठरवलेले पाच आजार म्हणजे रक्तदाब, मधुमेह, आणि तोंडाचा, स्तनाचा व गर्भाशयमुखाचा कर्करोग. रक्तातील चरबी त्यात नाही. सगळ्या गावाचे रक्त तपासणे खर्चाचे आहे हे मान्य. परंतु एक प्रश्न विचारायला काय खर्च येतो? "तुमच्या घरात कोणी पुरुष ५५ च्या आत किंवा बाई ६० च्या आत हृदयविकाराने गेली आहे का?" उत्तर होय आले तर त्या घरातल्या सर्वांची तपासणी सरकारी खर्चाने व्हावी, एवढीच मागणी आहे. आणि त्यासाठी माणसाला उपाशीपोटी तालुक्याला बोलावू नये. पहिल्या तपासणीला उपाशी असण्याची गरज नाही, असे आता तज्ज्ञच सांगतात. सकाळची धार सोडून, मजुरी बुडवून, उपाशी एसटीने कोण जाणार? ज्याला गरज आहे तो तर नाहीच जाणार.

सरकारची वाट पाहायची नसेल तर दूध संस्थांनी हे मनावर घ्यावे. लाळ्या-खुरकूताची लस टोचायला त्या गावात शिबिर लावतातच, दिवाळीला बोनसही वाटतात. त्यातून वर्षातून एकदा सभासदांच्या रक्ताचे फॅट काढायला काय हरकत आहे? सभासद म्हणजे केवळ ज्याच्या नावावर खाते आहे तो नव्हे. धार काढणारी बाई घरातली असते, पासबुकावर नाव दुसऱ्याचे असते. बायकांना हा आजार होत नाही असा समज आहे, आणि छातीत जळजळले, दम लागला की 'पित्त झालं' म्हणून सोडा पाजला जातो. सदोष जनुक मुलगा-मुलगी पाहून येत नाही.

तोवर घरात एक काम करता येण्यासारखे आहे. कृत्रिम रेतन करताना आपण डॉक्टरांना विचारतो, वळूच्या आईचे दूध किती होते? तसे एका वहीत आपल्या दोन पिढ्यांची नावे लिहावीत; कोण, कितव्या वर्षी, कशाने गेले. 'अचानक' गेले असतील तर तसेच लिहावे. कोणाच्या टाचेमागच्या शिरेवर किंवा बोटांच्या सांध्यांवर पिवळसर, कडक गाठी होत्या का, तेही आठवावे. तीही या घराण्याच्या दोषाची खूण असते. ही वही डॉक्टरांकडे जाताना बरोबर न्यावी. आणि लिहिताना नुसती बापाकडची भावकी लिहून थांबू नये. सदोष जनुक आईकडूनही तितकेच येते, त्यामुळे एकदा मामाच्या गावी जाऊन तिकडची नावेही विचारून यावीत. म्हाताऱ्या माणसांना ती अजून तोंडपाठ आहेत.